हनुवटीवरची जखम आणि चार संशयित दात

तो आला तेव्हा द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी ऐन भरात होती. तासगाव तालुक्यातला बागायतदार, वय ३१. तोंडावर रुमाल बांधलेला. खुर्चीत बसल्यावरही त्याने तो लगेच सोडला नाही. सोबत आई होती, तिनेच बोलायला सुरुवात केली. "मॅडम, दात न्हाई दुखत त्याचा. हनुवटीला जखम हाय. पर आता सांगत्यात की दाताचंच काय तरी हाय."

रुमाल सोडला. हनुवटीवर, मधल्या रेषेच्या जरा डावीकडे, मुगाच्या दाण्याएवढं लालसर मांस वर आलेलं होतं. भोवतीची कातडी काळवंडलेली आणि आत ओढली गेलेली. दोन बोटांनी हलकं दाबलं तर पिवळसर, पातळ पुवाचा थेंब आला. दुखलं का विचारलं, तर नाही म्हणाला.

हे १४ महिने चाललं होतं. सुरुवातीला दाढी करताना लागलं असेल, केसतोड झालं असेल, असं त्याला वाटलं. घरच्यांच्या मते फवारणीचं औषध बाधलं होतं, म्हणून एक हंगाम त्याने फवारणीला हातच लावला नाही. गावातल्या डॉक्टरांनी तीन वेळा प्रतिजैविकं दिली. दर वेळी आठ-दहा दिवसांत जखम सुकायची आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा फुटायची. मग त्वचारोगतज्ज्ञ झाले. त्यांनी ती गाठ कापून काढली आणि तुकडा तपासणीला पाठवला. अहवालात जुनाट दाह होता. कर्करोग नव्हता, क्षयाच्या खुणा नव्हत्या. टाके निघाले, दोन महिने बरे गेले, आणि मग त्याच शिवणीतून पुन्हा पू यायला लागला. तरीही क्षयाची शंका कुणीतरी काढली, छातीचा एक्स-रे झाला, तो स्वच्छ निघाला. शेवटी एकाने दातांचा एक्स-रे काढायला सांगितला. त्या दवाखान्यात खालच्या पटाशीच्या दातांच्या मुळाशी मोठा काळा डाग दिसला आणि सल्ला मिळाला की चारही दातांचं रूट कॅनॉल करावं लागेल, नंतर हाड उघडून खरवडावं लागेल.

"चारी दात मारायचे का, मॅडम?" त्याने विचारलं. "एक बी दुखत न्हाई ओ."

त्याच्या या प्रश्नाचं उत्तर शोधायला तासाभराहून जास्त वेळ गेला. उपचार त्या मानाने सोपे होते, म्हणून मी इथे जास्त लिहिणार आहे ते निदानाबद्दल. आधीच्या डॉक्टरांविषयी माझी तक्रार नाही. त्वचेवर जखम आहे, रुग्ण दाताबद्दल चकार शब्द काढत नाही, तोंडात सूज नाही. अशा वेळी हनुवटीवरून दातापर्यंत पोचणं अवघडच असतं. जबड्याच्या हाडातून वाट काढत कातडीवर उघडणाऱ्या अशा नाडीव्रणाच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांची कहाणी अशीच आहे: गोळ्या, मलमं, एखादी शस्त्रक्रिया, आणि मग उशिरा कधीतरी दाताचा एक्स-रे.

मी आधी मार लागल्याचं विचारलं. नाही म्हणाला. हा 'नाही' मी कधीच पहिल्या झटक्यात मान्य करत नाही, कारण लहानपणी पडलेलं, लागलेलं माणसं खरोखर विसरतात. म्हणून प्रश्न बदलला. शाळेत काय खेळायचास? कबड्डी, तो म्हणाला. आणि आईला आठवलं. "आठवीत असताना गुडगा बसला हुता की रं तोंडावर! व्हट फाटला, दोन टाकं पडलं. दात हालत हुतं चार दिस, मग बसलं."

म्हणजे वय १४. मध्ये १७ वर्षं गेलेली.

दाताच्या आत जी मऊ ऊती असते तिला आम्ही गर म्हणतो, लोक नस म्हणतात. नस हा शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. गरात मज्जातंतू असतात तशाच रक्तवाहिन्या असतात, आणि दाताच्या आतल्या भिंतीवर आयुष्यभर थोडं थोडं अस्तर चढवत राहणाऱ्या पेशीही असतात. या पेशी लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे. गराला रक्त मिळतं ते मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून. जोराचा मार बसला आणि दात खोबणीत जरासा जरी हलला, तरी ही रसद तुटू शकते. मग गर मरतो. पोरगं चार दिवस मऊ भात खातं, दात घट्ट बसतो, आणि घरात सगळे तो विषय विसरून जातात.

मेलेला गर एकटा मात्र हाड पोखरत नाही. त्यासाठी जंतू लागतात. १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड या तिघांनी उंदरांच्या दाढांचा गर मुद्दाम उघडा करून सोडला. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढलेल्या उंदरांत गर जगला, उघड्या जागेवर नवा थरही धरला. साध्या उंदरांत तोच गर सडला आणि मुळाशी गळवं झाली. पुढे १९७६ मध्ये स्वीडनमध्ये सुंडक्विस्ट यांनी तर नेमके आमच्या या रुग्णासारखे दात तपासले: मार लागून आत मेलेले, पण वरून अगदी धड. ज्यांच्या मुळाशी हाड विरघळलं होतं, त्यांच्यात जवळजवळ सगळीकडे जंतू सापडले. ज्यांच्या मुळाशी हाड शाबूत होतं, ते आत मेलेले असूनही निर्जंतुक होते. असा दात वर्षानुवर्षं काही त्रास न देता राहू शकतो. मग कधीतरी दंतवल्काच्या, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणाच्या, बारीक भेगेतून किंवा हिरडीजवळच्या उघड्या पडलेल्या भागातून जंतू आत शिरतात आणि तिथून पुढचं सुरू होतं.

पू हनुवटीवरच का आला, याचं उत्तर स्नायूत आहे. पू कमीत कमी विरोधाची वाट धरतो. खालच्या पटाशीच्या दातांच्या मुळांसमोर हनुवटी वर उचलणारा एक छोटा स्नायू हाडाला चिकटलेला असतो. त्या जोडाच्या वर हाड फुटलं तर पू ओठाच्या आत येतो, खाली फुटलं तर कातडीकडे उतरतो. मुळं लांब असली की दुसरी शक्यता वाढते. आणि एकदा वाट मोकळी झाली की आत दाब साठत नाही, म्हणून दुखतही नाही. १४ महिने पू वाहूनही एक रात्र झोपमोड झाली नाही ती त्यामुळे.

आता तपासणी. ओठ पुढे ओढून धरला की हनुवटीवरची ती खळी आणखी आत ओढली जात होती. म्हणजे कातडी खाली कशाला तरी बांधलेली होती. ओठाच्या आतून बोट फिरवलं तर हाडापासून कातडीकडे जाणारा दोरीसारखा ताठ पट्टा हाताला लागला. नाडीव्रणाची ही खूण बोटालाच कळते, कुठल्याही यंत्राला नाही, आणि ती शोधायला पाच सेकंद लागतात.

दातांना आम्ही आकड्यांनी ओळखतो. खालचे मधले दोन, डावा ३१ आणि उजवा ४१. त्यांच्या शेजारचे ३२ आणि ४२. चौघांतला एकही किडलेला नव्हता, एकातही सिमेंट नव्हतं. ३१ चा रंग राखाडी वाटत होता, ४१ किंचित पिवळट. ओले असताना हा फरक जाणवत नव्हता. कोरडे करून खिडकीच्या उजेडात पाहिल्यावर दिसला. हिरडी आणि दात यांच्या मधली फट सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे निरोगी. हे मोजणं महत्त्वाचं होतं. एकाच जागी अरुंद आणि खोल फट लागली असती तर मूळ उभं तडकल्याचा संशय घ्यावा लागला असता, आणि मग सगळाच विचार बदलला असता. ३१ थोडासा हलत होता. आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकला, ३१ वर तो म्हणाला, "दुखत न्हाई, पर आवाज येगळा येतोय."

एक्स-रे मी नवा काढला. डाग होता, साधारण ९ मिलिमीटर रुंद. ३१ चं टोक त्याच्या मध्यभागी बुडालेलं. ३२ च्या मुळाची एक कड त्यात, ४१ चं टोकही त्यात. ४२ जेमतेम बाहेर. पाहताक्षणी चार दातांचा संशय यावा असाच तो होता.

पण एक्स-रे ही सावली आहे, आणि सावलीत पुढचं-मागचं एकावर एक पडतं. शिवाय १९६१ साली बेंडर आणि सेल्टझर यांनी दाखवून दिलं होतं की हाडाच्या आतल्या जाळीदार भागात पोकळी झाली तरी ती एक्स-रेत बहुधा दिसत नाही. बाहेरच्या कठीण कवचाला धक्का लागला की दिसते. म्हणजे जे काळं दिसतं ते हाडाचं कवच कुठे झिजलं त्याचं चित्र असतं. कोणत्या दाताचा गर मेला, हे त्या चित्रात लिहिलेलं नसतं. मुळाचं टोक काळ्या डागात दिसलं म्हणून दात मेला असं मानणं ही आमच्या धंद्यातली फार जुनी आणि फार महागात पडणारी चूक आहे. तिची किंमत रुग्ण मोजतो.

मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना चाळिशी ओलांडलेल्या एक बाई विभागात आल्या होत्या. खालच्या पटाशीच्या दातांखाली तीन-चार गोल काळे डाग, आणि त्यातल्या दोन दातांचं रूट कॅनॉल बाहेर कुठेतरी होऊन गेलेलं. डाग तसेच होते. उरलेल्या दातांना गार लावलं तर सगळे जिवंत. त्यांना हाडाचा एक निरुपद्रवी विकार होता, सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेशिया, ज्यात सुरुवातीला हाडाच्या जागी तंतुमय ऊती येते म्हणून डाग काळा दिसतो आणि काही वर्षांनी त्यातच पांढरे ठिपके धरतात. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो आणि त्याला कसलाच उपचार लागत नाही. ते दोन जिवंत दात विनाकारण मारले गेले होते. तेव्हापासून डागाखालचा प्रत्येक दात वेगवेगळा तपासल्याशिवाय मी ड्रिल हातात घेत नाही.

गार चाचणीने सुरुवात केली. कापसाच्या छोट्या बोळ्यावर टेट्राफ्लुरोइथेनचा फवारा मारायचा, तो उणे २६ अंश सेल्सियसच्या आसपास जातो, आणि कोरड्या केलेल्या दातावर टेकवायचा. सुरुवात संशयित दातापासून करायची नाही. आधी निरोगी सुळे, दोन्ही बाजूंचे, म्हणजे त्याला 'गार लागणं' म्हणजे काय ते कळतं आणि मला तो किती लवकर सांगतो ते कळतं. मध्येच एकदा फवारा न मारलेला बोळा लावला. तो म्हणाला, "हे काय गार न्हाई." बरं वाटलं. घाबरलेली माणसं कधी कधी प्रत्येक वेळी हो म्हणतात, हा तसा नव्हता.

३२ ला दोन सेकंदांत हात वर, बोळा काढल्यावर तीन-चार सेकंदांत भावना गेली. ४२ तसाच. म्हणजे त्या दोघांचा गर जिवंत आणि शांत. कळ बोळा काढल्यावरही रेंगाळली असती, अर्धा मिनिट ठणकत राहिली असती, तर गराला न परतणारी सूज आहे असं म्हणावं लागलं असतं.

३१ वर काही नाही. दहा सेकंद धरला, काही नाही.

आणि ४१ वरही काही नाही.

इथे थांबून निर्णय घेतला असता तर दोन दातांचं रूट कॅनॉल ठरलं असतं. चारपेक्षा दोन बरे, असं म्हणून हिशेब मिटलाही असता. पण गार न लागणं म्हणजे मरणं असं नेहमीच नसतं. दाताच्या आतली पोकळी बुजत गेली असेल तर थंडी आत पोचत नाही आणि जिवंत दातही गप्प राहतो. ४१ चा तो पिवळट रंग माझ्या डोक्यात होता.

म्हणून विद्युत चाचणी. दात कोरडा करून टोकाला टूथपेस्टचा ठिपका लावायचा, त्यावर यंत्राची सुई टेकवायची आणि प्रवाह हळूहळू वाढवायचा. मुंग्या आल्या की रुग्णाने हात वर करायचा. माझ्या यंत्रावर आकडे ० ते ८० आहेत. सुळ्यांना २८ आणि ३० ला कळलं, ३२ ला २४ वर, ४२ ला २२ वर. ४१ ला ५२ वर. उशिरा, पण कळलं.

मग ३१ वर सुई ठेवली, आणि त्याने ७१ वर हात वर केला.

जो दात मला सगळ्यांत मेलेला वाटत होता, तोच बोलला. क्षणभर सगळा अंदाज कोसळला. मग मी दातांच्या मधल्या फटींकडे पाहिलं. लाळ साचली होती. ओल असली की प्रवाह दातातून आत न जाता बाजूने हिरडीत किंवा शेजारच्या दातात उतरतो आणि मुंग्या तिथून येतात. पुन्हा कापूस बदलला, हवेने वाळवलं, दोन्ही बाजूंना पारदर्शक पट्टी सरकवली म्हणजे शेजाऱ्यांचा संबंध तुटेल, आणि पुन्हा लावलं. आता ३१ ला ८० पर्यंत काही नाही. पाच मिनिटांनी पुन्हा केलं, काही नाही. तशीच पट्टी लावून ४१ दोनदा केला: ५४, ५४.

या यंत्राच्या आकड्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण रुग्णच काय, नवे डॉक्टरही फसतात. ५४ म्हणजे दात २२ वाल्यापेक्षा दुपटीहून जास्त आजारी, असं काही नसतं. यंत्र एवढंच सांगतं की आत कुठलातरी मज्जातंतू प्रतिसाद देतोय किंवा देत नाही. तेही रक्ताबद्दल काही बोलत नाही, आणि गर जगतो तो रक्तावर. ताजा मार लागलेल्या दातात मज्जातंतू महिनोन्‌महिने बधिर राहू शकतात आणि रक्त मात्र चालू असतं. रक्तप्रवाह थेट मोजणारी तंत्रं आहेत, लेझर डॉप्लर आहे, दातासाठी जुळवलेला पल्स ऑक्सिमीटर आहे, पण ती माझ्यासारख्या दवाखान्यात नाहीत. म्हणून जे हाताशी आहे त्याच्याकडून एकमेकांची साक्ष काढावी लागते.

ती साक्ष एक्स-रेतच होती, डागाच्या वर, जिथे मघाशी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. ३१ च्या आतली पोकळी रुंद होती, शेजारच्या ३२ पेक्षा स्पष्टपणे रुंद. ४१ ची पोकळी जवळजवळ नाहीशी झालेली, केसासारखी एक रेघ उरलेली. त्या अस्तर चढवणाऱ्या पेशी आठवा. ३१ मध्ये त्या १४ व्या वर्षी गराबरोबर मेल्या, म्हणून त्या दाताची पोकळी आजही आठवीतल्या मुलाएवढीच आहे. ३२ आणि ४२ मध्ये त्यांनी वयानुसार आपलं काम चालू ठेवलं. ४१ मध्ये गर मार खाऊनही वाचला आणि त्या पेशी घाईने, भरमसाट अस्तर चढवत सुटल्या. मेलेला गर असं बांधकाम करू शकत नाही. पिवळट रंग त्या जाड अस्तराचा, थंडी न पोचण्याचं कारण तेच, आणि ५४ चंही तेच. एकाच गुडघ्याने दोन दातांवर मार बसला, एक मेला, एक जगला, आणि दोघांनी ते स्वतःच्या भिंतीवर लिहून ठेवलं. मला हे चित्र फार सुंदर वाटतं. रुग्णाला पडद्यावर मोठं करून दाखवलं तेव्हा तोही बराच वेळ बघत राहिला.

तरी ४१ चं टोक डागात दिसत होतं, त्याचं काय? एक्स-रेची नळी आडवी थोडी सरकवून दुसरा काढला. बाजू बदलली की पुढची-मागची वस्तू सावलीत वेगवेगळी सरकते. या चित्रात डाग ३१ बरोबर राहिला आणि ४१ चं टोक त्याच्यातून बाहेर आलं. त्याच्याभोवती हाडाची ती बारीक पांढरी रेघ, जी निरोगी मुळाला सलग वेढून असते, ती तुटलेली नव्हती.

शेवटी नाडीव्रणाचा माग. कातडी पुसून, सुन्न करणारं जेल लावून त्या छिद्रातून २५ नंबरची गटापर्चाची बारीक काडी आत सरकवली. गटापर्चा म्हणजे तोच रबरासारखा पदार्थ, ज्याने आम्ही मुळं भरतो. तो एक्स-रेत पांढरा दिसतो आणि वाकड्या वाटेनेही वळत जातो. अडेपर्यंत ढकलली आणि तिसरा एक्स-रे. काडीचं टोक ३१ च्या मुळाशी जाऊन थांबलं होतं. इथे एक सावधगिरी: काडी पोकळीपर्यंतची वाट दाखवते. पोकळी दोन-तीन मुळांना लागून असेल तर त्यातलं दोषी कोण, हे एकटी काडी सांगत नाही. म्हणून ती मी सगळ्यांत शेवटी केली, पहिली नाही.

माझ्या नोंदवहीत प्रत्येक दाताला दोन नावं लागतात, एक गराचं आणि एक मुळाच्या टोकाभोवतीच्या ऊतीचं. अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे रूट कॅनॉलतज्ज्ञांच्या, संघटनेने २००९ मध्ये ही नावं ठरवून प्रसिद्ध केली आणि आम्ही शिकवताना-लिहिताना तीच वापरतो. दोन नावं लिहायची शिस्त चांगली आहे, कारण दोन वेगळे प्रश्न स्वतःला विचारावेच लागतात: आत काय झालं, आणि ते बाहेर कुठवर पोचलं. त्या दिवशीची नोंद अशी होती. ३१: गर मृत, मुळाच्या टोकाशी जुनाट गळू, हनुवटीच्या त्वचेवर उघडणारा नाडीव्रण. ४१: गर जिवंत, पोकळी आक्रसलेली, टोकाभोवतीची ऊती निरोगी. ३२, ४२: दोन्ही बाबतीत निरोगी.

"एकच दात," मी आईला सांगितलं.

"आनि बाकीचं तीन?"

"त्यांना हात लावायचा नाही. या उजव्या दातावर लक्ष ठेवायचं. पुढे कधी तो मेला तर तेव्हा बघू, पण आज तो जिवंत आहे." असा पोकळी बुजलेला दात आधीच खबरदारी म्हणून उघडू नये, असंच आमचं शास्त्र सांगतं, त्यातले बहुतेक दात कधीच कुरबुर करत नाहीत. आणि खालच्या पटाशीच्या बारीक दातात केसाएवढी वाट शोधताना भिंतीला भोक पडण्याचा धोका खरा आहे. हे सगळं मी त्यांना सांगितलं आणि नोंदवहीत त्याची सही घेतली.

३१ उघडताना मी भूल दिली नाही, त्याला सांगूनच. रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावला, कळ आली तर हात वर कर म्हटलं आणि आत शिरले. हात वर आला नाही. आत रक्ताचा थेंब नव्हता, तपकिरी ओल होती आणि वास होता. तोवरच्या सगळ्या चाचण्यांवर हे शेवटचं शिक्कामोर्तब. खालच्या पटाशीच्या दातात बऱ्याचदा जिभेच्या बाजूला दुसरी नळी दडलेली असते आणि ती राहून गेली की रूट कॅनॉल 'करूनही' बरं होत नाही. फाइल, म्हणजे नळी साफ करायची बारीक सुई, वाकवून शोधली, ती सापडली. सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने भरपूर धुतलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध भरलं, वरून तात्पुरतं सिमेंट.

"गोळ्या न्हाई देत?" आईने विचारलं. नाही. ताप नाही, पसरणारी सूज नाही, पुवाला वाट आहे; आणि मेलेल्या गरात रक्त नाही, तर रक्तातून जाणारं औषध तिथे पोचणार कसं? आधीच्या तीन वेळांना म्हणूनच यश आलं नव्हतं. मी त्यांना एक गोष्ट मात्र स्पष्ट बजावली. जखम दोन आठवड्यांत बंद झाली नाही, तर माझं निदान पुन्हा तपासायचं. अ‍ॅक्टिनोमायकोसिससारखा चिवट संसर्ग, हाडातला क्षय, दुसरी एखादी गाठ, हे सगळं तेव्हा पुन्हा विचारात घ्यावं लागलं असतं आणि पुवाचा नमुना प्रयोगशाळेत गेला असता.

दहाव्या दिवशी पू थांबला होता. चार आठवड्यांनी कातडी पूर्ण मिटली होती, तिथे आता कोरडी खळी होती. दोन्ही नळ्या गटापर्चाने भरल्या, दात वरून कायमच्या सिमेंटने बंद केला. हाड खरवडण्याची वेळ आली नाही. त्वचारोगतज्ज्ञांना मी तीनही एक्स-रे आणि एक पत्र पाठवलं. त्यांचा त्याच संध्याकाळी फोन आला आणि काडीचं चित्र त्यांनी दोनदा समजावून घेतलं. खळी फार खुपायला लागली तर ती नीट करण्याचं काम त्यांच्याचकडे आहे.

एप्रिलच्या खरड छाटणीच्या वेळी, सहा महिन्यांनी, डाग निम्म्याहून कमी झाला होता आणि कडेने हाडाची जाळी आत सरकत होती. वर्षाने पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा ३१ च्या टोकाशी फक्त रुंदावलेली एक रेघ उरली होती. ३२ आणि ४२ ला गार दोन सेकंदांत. आणि ४१ ची त्या दिवशीची नोंद: रंग पूर्वीइतकाच पिवळट; गार: नाही; विद्युत: ५२; ठोकून: काही नाही; टोकाभोवतीची रेघ सलग. पुढची तपासणी पुढच्या ऑक्टोबर छाटणीनंतर.